दोन घटका मौज आणि आमचे विज्ञानलेखन

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'ज्योतिर्विलास' या ग्रंथास एक दुसरे नावही आहे: 'रात्रीची दोन घटका मौज'. पहिल्या नावात संस्कृताचा भारदस्तपणा आहे. दुसऱ्यात अंगणात खाट टाकून बसलेल्या शेजाऱ्याची हाक आहे. हे दुसरे नाव ग्रंथकाराने केवळ विनयाने किंवा पुस्तक खपावे म्हणून दिले असावे, असे वाचकास प्रथम वाटण्याचा संभव आहे. आमचे मत निराळे आहे. मराठीत विज्ञानावर कसे लिहावे या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांस गेल्या सव्वाशे वर्षांतील वादविवादांत सापडत नाही, ते या चार शब्दांत सांगून झाले आहे, असे आम्हांस वाटते. आणि ते वाचकांपुढे मांडावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयी दोन शब्द. दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला व १८९८ साली, ऐन कर्तृत्वाच्या वयात, त्यांचे निधन झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती. त्यांचा पेशा शिक्षकाचा. या शाळामास्तराने १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा जो इतिहासग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधार घेतल्यावाचून त्या विषयात आजही कोणास पाऊल टाकता येत नाही. म्हणजे पांडित्य दाखवावयाचे असते तर ते दाखविण्याची सामग्री दीक्षितांपाशी भरपूर होती. असा मनुष्य तारे पाहण्यास 'अध्ययन' म्हणत नाही, 'ज्ञानार्जन' म्हणत नाही, 'मौज' म्हणतो. आणि ही मौज किती वेळाची, तेही सांगतो. घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटका म्हणजे ४८. योगायोग असा की, आमच्या महाविद्यालयातील तासही बरोबर ४८ मिनिटांचाच असतो. तेवढ्या वेळात आकाश १२ अंश फिरते, म्हणजे चोवीस पूर्णचंद्र एकास एक लावून मांडले तर जेवढे अंतर होईल, जवळजवळ तेवढे. दोन घटका एका जागी बसणाऱ्यास आकाश हलताना दिसते, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही, गणित लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. आमच्या तासात तेवढ्याच वेळात काय हलते, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारून पाहिला आहे. उत्तर येथे देण्याजोगे नाही.

हा ग्रंथ आम्ही पुन्हा हाती घेतला त्यास एक लहानसे निमित्त झाले. आम्ही निगडीस राहतो. चिंचवड, भोसरी आणि पलीकडे चाकण येथील कारखान्यांचे व रस्त्यांचे दिवे रात्रभर जळत असल्यामुळे आमच्या आकाशात चंद्र आणि चारदोन ठळक तारे यांपलीकडे काही असते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. पाऊस नुकताच सरला होता; एके दिवशी सायंकाळी वीज गेली ती दोन तास आली नाही. शेजारची सातआठ वर्षांची मुलगी गच्चीवर आली आणि वर पाहून म्हणाली, "काका, हे सगळे आज का आलेत?" आम्ही म्हणालो, "ते रोजच येतात, बाळ." तीवर तिने विचारले, "मग पश्चिमेचा तो निळसर कोणता?" आम्हांस सांगता आले नाही. तीस वर्षे इंग्रजी काव्य शिकविण्यात घालविलेला मनुष्य. ताऱ्यांवरच्या कवितांच्या ओळी पाठ, परंतु तारा ओळखता येईना! दुसऱ्या दिवशी पुस्तके चाळली तेव्हा कळले की, तो अभिजित. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे २५ वर्षे लागतात. त्या मुलीच्या डोळ्यांत पडलेला किरण तिच्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेला होता. हे तिला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने आपल्या आईस गच्चीवर ओढून आणले. ज्यास आम्ही या लेखात 'मौज' म्हणणार आहोत ती हीच.

आता मुद्द्याकडे वळू. विज्ञान सांगण्याच्या तीन रीती आम्हांस दिसतात. पहिली उपदेशाची: लेखक उंच ओट्यावर उभा राहून अंधारातल्या लोकांस उजेडात बोलावतो. दुसरी माहितीची: लेखक कोठीतून धान्य मोजून द्यावे तशी वस्तुस्थिती मोजून देतो. तिसरी सोबतीची: लेखक वाचकाच्या शेजारी उभा राहून ज्या वस्तूकडे वाचक पाहतो आहे तिच्याकडेच पाहतो, आणि 'हे पाहिलेत का?' असे म्हणतो. पहिल्या रीतीत लेखकास ज्ञान झालेले असते व वाचकास व्हावयाचे असते. दुसरीत ज्ञान कोणासच होत नाही, ते केवळ एका कागदावरून दुसऱ्यावर जाते. तिसरीत मात्र सांगणाऱ्याचे कुतूहलही सांगताना वाढते. आमच्या साहित्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय म्हणून सांगितला आहे. परंतु अद्भुत म्हटले की परी, राक्षस आणि उडते गालिचे एवढेच आम्हां टीकाकारांस आठवते. जे खरे आहे तेही अद्भुत असू शकते, किंबहुना खरे असल्यामुळेच ते अधिक अद्भुत असते, ही गोष्ट आमच्या रसचर्चेत जवळजवळ आलीच नाही.

इतिहासाकडे पाहता पहिल्या दोन रीतींचे प्राबल्य का झाले, ते समजते. आणि त्याबद्दल पूर्वसूरींस दोष देणे अन्यायाचे होईल. 'दर्पण'कर्त्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले तेव्हा नव्या शास्त्रांची भाषाच मराठीत घडवावयाची होती. पुढे पुण्यात १९२८ साली 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या मंडळींनी परिभाषा, व्याख्याने, पुस्तके यांचा जो डोंगर उपसला त्याच्या पायथ्याशी आम्ही आज उभे आहोत. शिवाय समाजातील खुळ्या समजुतींशी झगडण्याचे कार्य विज्ञानाच्या लेखकांवर येऊन पडले होते. ग्रहण लागले की राहूचे खंडन करावे लागे. धूमकेतू आला की अनिष्टाची भीती घालवावी लागे. हे करणे अवश्यच होते. परंतु ग्रहणाविषयी शंभर लेख लिहून झाले आणि त्यांतील बहुतेक राहूस मारण्यात खर्ची पडले, तर वाचकास राहू नाही एवढेच कळते. सावली कशी धावत येते, पाखरे कशी परततात, आणि झाडाखालच्या कवडशांच्या चंद्रकोरी कशा होतात, हे त्याच्या पदरी पडत नाही. राहू गेला तो गेला, आणि जागा रिकामी राहिली. रिकाम्या जागेत दुसरा राहू येऊन बसण्यास वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक चिंतेची आहे. निसर्गाचे प्रेम आणि निसर्गाचे ज्ञान यांची आमच्या वाङ्मयात वाटणी होऊन गेली. एकीकडे ललितनिबंध. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले, आणि पाहणारी दृष्टि म्हणजे काय हे त्याने मराठी वाचकास शिकविले. पण दुर्गाबाईंमागून आलेल्या अनेकांनी त्यांची तरलता तेवढी घेतली आणि त्यांची चौकशी टाकून दिली. झाड मोहरले, मन मोहरले, आणि निबंध संपला. ते झाड याच महिन्यात का मोहरते, हा प्रश्न विचारणे जणू अरसिकपणाचे! दुसरीकडे विज्ञानलेख, त्यात 'का' आहे, पण झाड नाही. दीक्षितांच्या हाताखाली ही वाटणी झालेली नव्हती. त्यांच्यापाशी नक्षत्रांची पुराणातील नावे, गणित आणि रात्रीचा गार वारा ही एकाच अंगणात नांदत होती.

अर्वाचीन काळात ही वाटणी मोडण्याचा मोठा प्रयत्न जयंत नारळीकरांनी केला. २०२५ सालच्या मे महिन्यात ते निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर गुणवर्णनपर पुष्कळ लिहिले गेले. टीकाकाराने त्यापलीकडे जाऊन काही बोलणे हेच त्यांच्याविषयीच्या आदराचे लक्षण ठरेल. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या विज्ञानकथांनी मराठीस नवे दालन दिले, हे खरेच. तथापि कथा म्हणून त्यांकडे पाहता पात्रे बहुधा कल्पनेची वाहने होऊन राहतात. कोणी तरी विचारणारा असतो, कोणी तरी सांगणारा असतो, आणि सांगून संपले की कथा संपते. आमच्या मते नारळीकरांची सर्वोत्कृष्ट वाङ्मयीन कृति त्यांच्या कथासंग्रहांत नसून त्यांच्या एका सवयीत आहे. मुले स्वाक्षरी मागण्यास आली म्हणजे ते ती देत नसत; घरी जाऊन पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत. या सवयीत संपूर्ण साहित्यविचार आहे. थोर माणसाचे नाव मिळविण्यासाठी मुलास प्रथम स्वतःचे आश्चर्य शब्दांत मांडावे लागे. येथे वाचक आधी लिहितो आणि लेखक मागून.

प्रश्न ज्यांच्यापाशी आहेत त्यांस ते आपल्यापाशी आहेत हे ठाऊकच नसेल तर काय करावे? आमच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगतो. कीट्सने 'लामिया' या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या काव्यात, शीत तत्त्वज्ञानाच्या स्पर्शाने इंद्रधनुष्याची मोहिनी नष्ट झाली, अशी तक्रार केली आहे. आम्ही ती वर्षानुवर्षे शिकवीत आलो, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या सवयीने कीट्सची बाजू घेत आलो. एके वर्षी मागच्या बाकावरून एक विद्यार्थी उठला. तो चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी वर्गात येत असे आणि बहुधा पेंगत असे. त्याने खिशातून लेथवर पोलाद कातताना निघणारी एक कुरळी पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर पिवळा, जांभळा आणि निळा असे रंग एकापुढे एक चढलेले होते. तो म्हणाला, "सर, इंद्रधनुष्य आमच्याकडे रोज डबाभर निघतं. कोणी रंग लावत नाही. हे कुठून येतं?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे: पोलाद तापले म्हणजे त्यावर प्राणवायूच्या संयोगाने एक अत्यंत पातळ थर चढतो; थराच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून काही रंग विझतात, काही उजळतात. साबणाच्या फुग्याचे आणि पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग याच जातीचे. थर जितका जाड तितका रंग पुढचा. म्हणून साध्या कार्बन-पोलादावर २३० अंशांच्या सुमारास फिका पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० च्या घरात निळा. तापमापक नव्हते तेव्हा हत्यारांस पाणी देणारे कारागीर या रंगांवरूनच उष्णता ओळखीत. दुसऱ्या दिवशी आम्ही हे वर्गात सांगितले, आणि त्या विद्यार्थ्यास म्हणालो, "तू काल विज्ञानातला फार मोठा प्रश्न विचारलास." तो संकोचून म्हणाला, "ते सायन्स नाही सर. ते काम आहे. सायन्समध्ये तर मी दहावीला जेमतेम पास झालो."

या वाक्याने आम्हांस जेवढे अस्वस्थ केले तेवढे कीट्सने कधीच केले नाही. २०११ च्या खानेसुमारीत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७ लाखांवर होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. यांतील असंख्य लोकांचे हात धातु, उष्णता, रंग, दाब आणि वीज यांच्याशी दिवसाचे आठ तास बोलतात. पदार्थाच्या गुणांचे इतके प्रत्यक्ष ज्ञान एका ठिकाणी क्वचितच एकवटले असेल. आणि त्या हातांच्या धन्यांस वाटते की, विज्ञान म्हणजे दहावीस नापास करणारी एक वस्तु आहे! ही केवळ शाळांची हार नव्हे. ती आम्हां लेखकांची आहे. त्यांच्या अनुभवास 'हे विज्ञान आहे' असे म्हणणारे गद्य आम्ही लिहिले नाही.

याच गावातील दुसरे उदाहरण घ्यावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी मालकीचा कारखाना स्थापन झाला. लोक त्यास 'एच.ए.' म्हणतात. येथील संशोधकांनी हमायसिन नावाचे बुरशीनाशक औषध शोधले, एम. जे. तिरुमलाचार हे त्यांतील प्रमुख. त्या औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे आहेत. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आमच्या पिंपरीचे नाव सृष्टीच्या वंशावळीत असे कायमचे लिहिले गेले आहे! या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जीव मातीत तंतूंच्या रूपाने राहतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन याच कुळाने दिले. आणि पहिल्या पावसाचा जो मृद्गंध, ज्यावर मराठी कवींनी इतकी शाई खर्च केली आहे, त्याचा मोठा भाग याच कुळाच्या देणगीचा आहे. त्या द्रव्यास १९६५ साली 'जिओस्मिन', म्हणजे मातीचा वास, असे नाव देण्यात आले. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे मोजके भाग असले तरी मनुष्याचे नाक ते ओळखते. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याखाली हवेचे बुडबुडे कोंडतात, वर येऊन फुटतात आणि तो वास वाऱ्यावर उधळतात. मातीतील जीव हा वास कोणासाठी तयार करतो, या प्रश्नाचा एक उलगडा २०२० साली झाला: स्प्रिंगटेल नावाचे, डोळ्यांस जेमतेम दिसणारे, उड्या मारणारे प्राणी या वासामागे येतात, त्या जीवांस खातात आणि त्यांचे बीजकण अंगावर व पोटात घेऊन दूर नेतात. म्हणजे ज्या सुगंधास आम्ही आपल्या विरहाची आणि मीलनाची साक्ष काढीत आलो, ते वस्तुतः दुसऱ्याच कोणास पाठविलेले आमंत्रण आहे. आम्ही मधल्या मध्ये ते वाचीत आहो!

हे कळल्याने मृद्गंध कमी झाला काय? आमचा अनुभव उलट आहे. यंदाच्या पहिल्या पावसात आम्ही खिडकीशी उभे राहिलो तेव्हा आपल्या आठवणींबरोबरच अंगणातील मातीत चाललेल्या त्या अदृश्य लगबगीचीही आठवण आली, सुख दुणावले. परंतु कवींचा मृद्गंध आणि औषधाचा पिंप्रिना यांस एकत्र आणणारा एकही मराठी निबंध आमच्या पाहण्यात नाही. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या. त्यांची गाठ आमच्या वाङ्मयात मात्र पडली नाही.

लोकांस आवड नाही, अशी सबब येथे पुढे करण्यात येते. ती खरी नाही. चाकणवरून जाणारा नाशिकचा रस्ता राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावास जातो. तेथून जवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या कांद्याच्या आणि द्राक्षांच्या मुलखात आकाशाकडे कान लावून बसलेल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, रामन यांच्या शोधाच्या स्मृतिदिनी, ती सर्वांस पाहण्यास खुली होते, आणि गावोगावची शाळकरी मुले आपापली उपकरणे मांडून बसतात. तेथे जत्रा लोटते. शेतकरी आपल्या मुलाच्या प्रयोगापुढे उभा राहून त्याचे बोलणे ऐकतो, हे दृश्य ज्याने पाहिले त्यास लोकांच्या आवडीविषयी शंका राहणार नाही. चिंचवडास २०१३ पासून महापालिकेचे सायन्स पार्क आहे. तेथेही मुलांची रीघ असते. पाहण्याची हौस आहे, विचारण्याचीही आहे. उणे आहे ते घरी परतल्यावर हाती घेण्याजोगे, रात्री दोन घटका सोबत करणारे गद्य.

यावर आक्षेप असा येईल की, मौज, विस्मय यांवर भर दिल्याने विज्ञानाची काटेकोर शिस्त सैल होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. थक्क करण्यासाठी वाटेल ते सांगणारे लेखन आज थोडे नाही, आणि तसल्या आश्चर्यापेक्षा रुक्ष माहिती बरी. पण खऱ्या विस्मयाची एक खूण आहे: तो पुढचा प्रश्न विचारतो. चमत्कारापुढे मनुष्य हात जोडतो आणि थांबतो. विस्मयाने तो जवळ जाऊन वाकून पाहतो. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी आईस गच्चीवर नेले, त्या विद्यार्थ्याने पट्टी खिशातून वर्गात आणली. शिस्तीचा आरंभ याहून निराळ्या ठिकाणी होत असेल असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून आमची लेखकबंधूंस आणि भगिनींस एवढीच विनंती आहे की, ओट्यावरून खाली उतरावे. जे आपणांस ठाऊक आहे ते सांगण्यापूर्वी, जे पाहून आपण स्वतः थबकलो ते सांगावे. आणि वाचकास पोस्टकार्ड पाठविण्यास अवकाश ठेवावा. कारण पुढचा चांगला निबंध कदाचित चाकणच्या रात्रपाळीतून यावयाचा असेल. तो विद्यार्थी आता कोठे आहे, ते आम्हांस ठाऊक नाही. त्याची ती निळी पट्टी आमच्या मेजावर आहे. गंज चढून तिचे रंग फिकट होत चालले आहेत. हे असे का होते, हे विचारण्यास उद्या सहकाऱ्यांकडे पुन्हा जावयाचे आहे.